घागर, करंजी आणि एरेनफेल्स

लोणारचं खारं पाणी सोडलं तर आम्हा बुलढाणेकरांचा समुद्राशी काडीचाही संबंध नाही. त्यामुळे ९ मार्च १९४३च्या रात्री इंग्रजांनी मुरगाव बंदरात जो पराक्रम केला, त्याचं निःपक्षपाती कौतुक करायला आमच्याइतकं लायक कोणी नाही. शिवाय गुप्त वार्ता काढण्यातलं आम्हाला थोडंफार कळतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यं, पाण्याची घागर, पापड, करंजी, पानविडा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले जाणते पाहतात, दाणे कुठे सरकले, विडा जागेवर आहे का. आणि पाऊस, पीक, राजाची गादी, परकीयांचा त्रास, सगळं सांगून मोकळे होतात. एका रात्रीत एवढी माहिती, आणि हेराच्या पगाराचा रुपयासुद्धा खर्च नाही!

इंग्रजांच्या 'एसओई' या गुप्त खात्याला करंजीची सोय नव्हती. हिंदी महासागरात त्यांची जहाजं बुडत होती आणि संशय होता 'एरेनफेल्स'वर. हे जर्मन व्यापारी जहाज लढाई सुरू झाल्यापासून मुरगावात नांगर टाकून बसलं होतं. सोबत 'द्राखेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' आणि इटलीचं 'आन्फोरा'. गोवा पोर्तुगीजांचं, पोर्तुगाल तटस्थ, म्हणजे फौज पाठवण्याची पंचाईत. खात्याचं म्हणणं, जहाजावर चोरटं बिनतारी यंत्र आहे आणि पाणबुड्यांना त्यावरून निरोप जातात. आधी खात्याच्या लुईस प्यू यांनी पणजीतून कोख नावाच्या जर्मन हेराला बायकोसकट मोटारीत घालून ब्रिटिश हद्दीत आणलं. तरी जहाजं बुडतच राहिली. एखाद्या अडाण्याला वाटलं असतं, आपलं निदान चुकलं. खात्याला वाटलं, औषध कमी पडलं.

आता खरी प्रतिभा पाहा. जहाज काबीज करायला निवडले कोण, तर कलकत्त्याच्या 'लाइट हॉर्स' या हौशी घोडदळातले चौदा आणि 'कलकत्ता स्कॉटिश'चे चार असामी. दलाल, व्यापारी, कचेरीतले साहेब. दलाची शेवटची लढाई बोअर युद्धातली. त्यानंतरचा सराव बहुतेक क्लबातल्या पेल्यांवर. बरेच जण अशा वयाचे, की बंडीचं वरचं बटण लागायला तयार नसतं. पण बिल ग्राइस या त्यांच्या प्रमुखांनी विचारताच मंडळी एका पायावर तयार. तटस्थ देशात सैनिक पकडला गेला तर सरकारची अडचण. पोट सुटलेला कारकून पकडला गेला तर फक्त त्याच्या बायकोची. एवढा दूरदर्शी विचार आमच्या पंचायत समितीतही क्वचित होतो.

वाहन म्हणून घेतली 'फीबी', गाळ वाहून नेणारी बोट. घोडदळ बोटीवर, आणि बोट गाळाची! ती कलकत्त्याहून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालत निघाली; बाकीचे आगगाडीने कोचीनला येऊन चढले. त्या रात्री बंदरातले खलाशी जहाजांवर राहू नयेत म्हणून किनाऱ्यावर त्यांच्या करमणुकीची फुकट व्यवस्था लावली होती म्हणतात. घटाजवळून माणसं हटवण्याची हीच पद्धत भेंडवळलाही आहे, फक्त आमच्याकडे तेवढा खर्च येत नाही.

पुढे जे झालं ते तर कळसच. बेत होता एरेनफेल्स पळवून नेण्याचा. मंडळी वर चढताच जर्मनांनी स्वतःच जहाजाला आग लावली, तळाच्या झडपा उघडल्या आणि ते बुडवलं. कप्तान मारला गेला. उरलेल्या तीन जहाजांना कोणी बोटही लावलं नव्हतं. ती एरेनफेल्सची आग पाहून आपणहून पेटली. एक जहाज आणायला गेलेल्यांनी चार घालवली आणि एकही आणलं नाही, तरी मोहीम फत्ते! पोर्तुगीजांनीही न्याय चोख केला. स्वतःची जहाजं जाळल्याबद्दल त्यांनी खलाशांनाच धरलं. इंग्रज सगळे जिवंत परतले आणि मुकाट्याने आपापल्या कचेरीत जाऊन बसले.

पदक कोणालाच मिळालं नाही, कारण घटना घडलीच नव्हती. १९७८ साली जेम्स लीझरचं पुस्तक आलं तेव्हा ती घडली. १९८०च्या 'द सी वुल्व्हज' चित्रपटात ग्रेगरी पेक आणि डेव्हिड निव्हन यांना घेतलं. निव्हन तेव्हा सत्तरीला टेकलेले. पात्रयोजना इतकी इमानदार क्वचितच होते.

बिनतारी यंत्र? ते जहाजाबरोबर पाण्यात गेलं, म्हणजे संशयाला आता कायमचा आधार मिळाला. आमच्या भेंडवळचं तसं नाही. तिथलं भाकीत सकाळीच गावोगाव पोहोचतं आणि सप्टेंबरात पारावरचा कोणीही म्हातारा विचारतो, "काहो बापा, पाऊस त् झालाच नाही?" गुप्त खात्याला असले म्हातारे परवडत नाहीत.

कारण १९४३ सालीच, पावसाळा सरता सरता, जर्मन पाणबुड्यांची एक टोळी हिंदी महासागरात उतरली आणि एरेनफेल्सच्या मदतीशिवायच जहाजं बुडवू लागली. जर्मनांनी तिचं नाव ठेवलं होतं 'मोन्सून'. इथे मात्र खात्याचं चुकलंच. घागरीखाली आम्ही मातीची चार ढेकळं ठेवतो, पावसाच्या चार महिन्यांची. मान्सूनचं आधी भेंडवळला विचारायचं ना.