रीळकर

मराठीत ‘रीळ’ या शब्दाला आजवर तीन अर्थ लाभले आहेत. पहिला शिवणकामातला, म्हणजे नळीवर गुंडाळलेला दोरा. दुसरा चित्रपटगृहातला, जो यंत्रे बदलल्यापासून केवळ आठवणींत उरला. आणि तिसरा मोबाइलवरचा, ज्याचे अनेकवचन ‘रील्स’ असे होते आणि ज्याच्यापायी घराघरांतल्या पोळ्या करपतात. मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली या परिसरात, अत्यल्प संख्येने आढळणारा एक गृहस्थ मात्र हा शब्द चौथ्या अर्थाने वापरतो. त्याचे रीळ म्हणजे फ्लाय फिशिंगच्या, अर्थात खोट्या माशीने करावयाच्या मासेमारीच्या, काठीला बुडाशी बसवायचे दोर गुंडाळण्याचे धातूचे चक्र; तेही नवे नव्हे, तर निदान पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, शक्यतो विलायती आणि सर्वथा ऐपतीपलीकडचे. या गृहस्थाचे आडनाव काहीही असले तरी अभ्यासाच्या सोयीसाठी त्यास येथे ‘रीळकर’ म्हटले आहे. आपल्याला रिळांचा नाद असल्याचे त्याने सोसायटीच्या सत्यनारायणाला सहज सांगितले, तर शेजारच्या काकू कौतुकाने ‘फॉलोअर्स किती?’ असे विचारतात, आणि चौथ्या अर्थाचा खुलासा संपेपर्यंत प्रसाद संपलेला असतो.

रीळकराचा स्वभाव कळण्यासाठी या मासेमारीचे शास्त्र थोडक्यात पाहणे भाग आहे. कोकणात ज्याला गरवणे म्हणतात त्यात गरीला, म्हणजे गळाला, कोळंबी किंवा गांडूळ टोचतात आणि वजनाच्या जोरावर तो गळ पाण्यात फेकतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणून आकड्यावर पिसे, केस आणि रेशीम बांधून केलेली खोटी माशी असते. तिला वजन असे नसतेच, त्यामुळे फेकला जातो तो मुद्दाम जड केलेला दोर, जो काठीच्या झोक्याने आधी मागे आणि मग पुढे उलगडत जातो आणि टोकाच्या माशीला फरफटत बरोबर नेतो. या साऱ्या व्यवहारात रिळाचे काम काय, तर न लागणारा दोर सांभाळणे. मासा लहान असेल तर दोर हातानेच ओढून घेतात, आणि रीळ लग्नातल्या व्याह्यांसारखे नुसते बसून असते: उपस्थिती अनिवार्य, कामगिरी शून्य. मासा मोठा निघाला आणि दोर घेऊन पळू लागला, तरच रिळाला कंठ फुटतो. रिळाच्या पोटात एक दातेरी चाक, त्यावर टेकलेली धातूची जिभली आणि जिभलीला दाबून धरणारी स्प्रिंग अशी रचना असते. चक्र फिरू लागले की जिभली दात्यांवरून उड्या मारते, त्यामुळे दोर अनावर सुटून गुंता होत नाही आणि ‘कर्र’ असा एक सलग आवाज निघतो. हा आवाज रीळकराच्या लेखी मारव्याच्या आलापाहून कणभरही कमी नसतो. अडचण एवढीच की हा आलाप माशाने छेडावा लागतो, आणि उपनगरातल्या माशाला त्यात रस नसतो.

संग्रहशास्त्रात रीळकराचा अधिकार मोठा असतो. इंग्लंडच्या उत्तरेकडील ज्या गावात हार्डी बंधूंनी १८७२ साली आपला व्यवसाय सुरू केला, त्याचे स्पेलिंग ‘अल्नविक’ असे वाचावेसे वाटले तरी उच्चार ‘ॲनिक’ असाच करायचा, हे तो भेटणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. स्वतःच्या ‘बोरिवली’तले ऱ्हस्व-दीर्घ मात्र त्याला लाइट बिलावर पाहूनच लिहावे लागतात. हार्डींनी १८८८ साली पेटंट घेतलेले ‘पर्फेक्ट’ हे त्याच्या पंथाचे आराध्य दैवत. त्यात चक्र सुरळीत फिरावे म्हणून बारीक गोळ्यांचे बेअरिंग बसवलेले होते, आणि जुन्या नगांवर काठी धरलेल्या हाताची मुद्रा कोरलेली असे. अमेरिकेतल्या चार्ल्स ऑर्व्हिस यांनी १८७४ साली पेटंट घेतलेल्या रिळाच्या बाजूंना भोके होती, जेणेकरून वजन घटावे आणि आतला ओला दोर वाळावा. रीळकर या भोकांविषयी जाळीच्या खिडकीबद्दल एखादा वास्तुतज्ज्ञ बोलेल तितक्या गांभीर्याने बोलतो. ज्याला हार्डी झेपत नाही तो रेडिच येथील यंग आणि पुत्रांच्या रिळांवर समाधान मानतो. शिवणाच्या सुयांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या गावातच गळही घडले आणि रिळेही, तेव्हा पहिल्या आणि चौथ्या अर्थाची सोयरीक रेडिचमध्ये केव्हाच जुळली होती, असा त्याचा एक लाडका सिद्धान्त आहे.

नग पारखताना तो पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींची शिस्त पाळतो. सर्वप्रथम पाहायचा तो रिळाचा ‘पाय’, म्हणजे काठीच्या खोबणीत सरकवायची चपटी पट्टी. पूर्वीच्या कुणा मालकाने आपल्या काठीत नीट बसावी म्हणून ती कानशीने घासली असेल, तर त्या रिळाची किंमत खाली येते, कारण या पंथात पाय घासणे हे मंगळ असण्याइतकेच गंभीर मानले जाते. आतला एखादा स्क्रू हरवला असेल तर तो बाजारात मिळत नाही, कारण त्याचे आटे आजच्या मेट्रिक मापाचे नसून जुन्या ब्रिटिश मापाचे असतात. मग साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात लेथवर बसलेल्या टर्नरची मनधरणी सुरू होते. तांदळाच्या दाण्याएवढा पितळी स्क्रू कशाचा पार्ट आहे, या प्रश्नाला ‘मासे पकडायचा’ असे उत्तर मिळाल्यावर अनुभवी टर्नर काही क्षण लेथ थांबवतो, समोरच्याकडे पाहतो आणि बहुधा पैसे घेत नाही.

रीळकराचे घर दोन खोल्यांचे असो वा चार, संग्रहाचे स्थान हॉलमधल्या शोकेसमध्ये, मुलीच्या बुद्धिबळाच्या ढालीशेजारी, ठरलेले असते. तेथे प्रत्येक रीळ जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेले, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्यालेले आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांनी वेढलेले असते. प्रत्येकाची नोंद एका लांबट हिशेबाच्या वहीत असते. तीत खरेदी, तेल, पाण्यावर नेल्याची तारीख, मासा आणि शेरा असे पाच रकाने आखलेले असून, त्यांपैकी चौथा सर्वांत स्वच्छ राहिलेला दिसतो. जुन्या रिळावर जुनाच दोर शोभतो, या हट्टापायी तो रेशमी दोर वापरतो. असा दोर भिजला की उलगडून वाळवावा लागतो, नाहीतर कुजतो, म्हणून जुलै महिन्यात बाल्कनीच्या ग्रिलला शाळेच्या गणवेशांवरून तो आडवा-उभा ताणलेला आढळतो आणि कुणाचा ओला हात त्याला लागू नये यासाठी घरात जी दक्षता घेतली जाते, ती आजीच्या सोवळ्याच्या वेळीही घेतली गेली नव्हती.

या संग्रहाचा खरा शत्रू गंज नसून स्वच्छता आहे. जुन्या पितळेवर आणि काशावर वर्षानुवर्षांच्या हवेने जो काळसर, मधाळ थर चढतो त्याला पॅटिना म्हणतात, आणि जाणकार त्या थराचेच पैसे मोजतात. घरातल्या ज्येष्ठ स्त्रीच्या दृष्टीने मात्र हा थर म्हणजे सुनेच्या किंवा मोलकरणीच्या आळसाचा पुरावा असतो. दिवाळीच्या साफसफाईत समई, तांब्या आणि नैवेद्याची वाटी यांच्या रांगेत शोकेसमधले ते ‘पितळी चाक’ही चिंच-मीठ लावून, नारळाच्या शेंडीने घासून, सोन्यासारखे लखलखीत होऊन बाहेर येते. शतकभराचा इतिहास दहा मिनिटांत मोरीतून वाहून जातो, आणि ‘बघ, कसं उजळलं!’ या वाक्यावर रीळकराला हसावे लागते, कारण आईने चूक अशी काहीच केलेली नसते. पितळ घासायचे असते, हे त्याला लहानपणी तिनेच शिकवलेले असते.

रिळांचा उपयोग हा या विषयाचा दुसरा आणि अधिक करुण भाग होय. उपनगरी रीळकराचे तीर्थक्षेत्र पवई तलाव. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९१ च्या सुमारास धरण बांधून केलेल्या या तलावाचे पाणी पुढे पिण्यालायक ठरले नाही. पण माणसांना नको झालेले पाणी मासेमारांना चालले, आणि महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळाने मासे पकडणाऱ्यांची जुनी संस्था याच काठावर आहे. तलावात कटला, रोहू, मृगळ असे मासे आहेत, जलपर्णी आहे आणि मगरीही आहेत. कटला वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात प्रामुख्याने वनस्पतिजन्य अन्न घेतो आणि मृगळ तळाशी चिखल चिवडतो. म्हणजे एकूण तिघांचेही जेवण ठरलेले असून त्यात स्कॉटलंडच्या ओढ्यावरील माशीची नक्कल कुठेच बसत नाही. शेजारी बसलेले अनुभवी गळवाले पावाचा आणि पिठाचा गोळा लावून मासे काढत असतात. रीळकर मात्र पिठाला हात लावणे कमीपणाचे मानतो. त्याची माशीही तडजोडीचीच असते: जुन्या इंग्रजी माश्यांना सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेची पिसे मोलाची वाटत, परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पक्षी संरक्षित असल्याने आपल्याच डोंगरातले पीस आपल्याच माणसाला मिळत नाही, आणि नाक्यावरच्या चिकनवाल्याकडून आणलेल्या गावठी कोंबड्याच्या पिसांवर विलायती परंपरा चालवावी लागते.

त्यातच दोर पुढे टाकण्यासाठी पाठीमागे तेवढीच मोकळी जागा लागते, आणि मुंबईत कुणाच्याही पाठीमागे मोकळी जागा नसते. पहिला झोका गुलमोहराच्या फांदीला, दुसरा सकाळी फिरायला आलेल्या एखाद्या आजोबांच्या माकडटोपीला अर्पण होतो. बोरिवलीजवळच्या गोराई-मनोरीच्या खाडीत जिताडा आहे, जो खोट्या आमिषावर झडप घालतो. पण खारे पाणी जुन्या धातूला मारक म्हणून तेथे आराध्य दैवताला नेणे निषिद्ध. उरतो तो सह्याद्रीच्या नद्यांतला खडशी, ज्याला इंग्रज महसीर म्हणत. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाचे वर्णन करून शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा देशी शब्द घातला, आणि लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात या माशाची पैदास करण्यात आली, हे रीळकर तोंडपाठ सांगतो. प्रत्यक्ष खडशी त्याने बहुधा फोटोतच पाहिलेला असतो.

क्वचित एखादा भरकटलेला कटला माशीला लागतोच. अशा वेळी रीळकर त्याला ओल्या हाताने सोडवतो, क्षणभर न्याहाळतो आणि पाण्यात परत सोडून देतो, कारण या पंथात मासा खाणे बसत नाही. आणि परतीच्या वाटेवर बाजारात कोळीण मावशींकडून चार पापलेटे घेतो, कारण घरात गोड्या पाण्यातला मासा खाणे बसत नाही. खांद्यावरची काठी आणि हातातली पिशवी यांचा मेळ घालू पाहणाऱ्या मावशी पहाटेपासून कुठे होतात, असे विचारतात. मासे पकडून सोडून दिल्याचे ऐकल्यावर त्या भाव कमी करत नाहीत. शहाण्या माणसाशी घासाघीस होते, ही त्यांची धंद्याची समज असते.

वरवर पाहता हा गृहस्थ आंग्लाळलेला वाटतो, परंतु निरीक्षण बारकाईने केल्यास तो अस्सल मराठी मध्यमवर्गाचा वारस ठरतो. ज्या घरात पाहुण्यांचे कप पाहुणे आले तरी बाहेर निघाले नाहीत आणि जिथे पैठणीच्या घड्या इतकी वर्षे जपल्या गेल्या की ती अखेर घडीवरच विरली, तिथे वस्तू जपणे हाच वस्तूचा उपयोग मानला गेला. रीळकरांपैकी बहुसंख्य याच धर्माचे असून त्यांची रिळे कधी भिजत नाहीत. पाण्यावर जाणारे थोडे असतात. त्यांच्या ‘पर्फेक्ट’वर पवईच्या कातळाचा ओरखडा उमटतो, बाजारभाव उतरतो आणि पंथातले जपणारे हळहळतात. ओरखडेवाला मात्र घरी येऊन धोतराच्या तुकड्याने रीळ पुसतो, तेल देतो, बोटाने एकदा फिरवून ‘कर्र’ ऐकतो, वहीतला मासा हा रकाना रिकामाच सोडतो आणि शेऱ्यात तारखेसह लिहितो: ‘डाव्या कडेला, पाऊण इंच.’