तुकडे उचलले काय?

डुक्कर धडकलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वर्ध्याचं लग्न आटोपून आम्ही यवतमाळला परतत होतो. कळंब मागे पडलं होतं, मामी पेंगत होती, आई आहेर मोजत होती. तेवढ्यात तुरीच्या वावरातून काहीतरी काळं सुटलं आणि थेट बंपरवर आलं. जिन्यावरून लोखंडी कपाट सोडल्यासारखा आवाज झाला. डुक्कर पडलं, उठलं, अंग झटकलं आणि पलीकडच्या पऱ्हाटीत दिसेनासं झालं. आमच्या अल्टोला मात्र काही उठता येईना.

मामांनी मागे वळून विचारलं, "कोणाले लागलं नाही न?" आम्ही नाही म्हणालो. पुढचं वाक्य होतं, "मग टॉर्च दे. तुकडे उचलू."

असा एक मामा प्रत्येक घरात असतो. कोणाकडे तो काका असतो, कोणाकडे सासरा. वस्तू मोडली की बाकीच्यांना दुःख होतं, त्याला काम मिळतं. आमचे मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले ते कागदावर. निवृत्तीनंतर मिक्सर, पंखे, शेजाऱ्यांची मोटर आणि ही बारा वर्षांची अल्टो असं खातं त्यांनी स्वतःहून सांभाळायला घेतलं आहे. "बदलून टाका" हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नयेत. "कायले बदलायचं? ओरिजनल हाय ते!"

त्या रात्री रस्त्यावर हिरवं पाणी सांडलेलं होतं. मामा वाकले, बोट लावलं, वास घेतला. "कूलंट. रेडिएटर गेला." मी झाकण उघडून आपल्याजवळच्या बाटल्या ओतू म्हणालो, तर त्यांनी माझा हात असा धरला की अजून आठवतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि कूलंटविना गाडी घरापर्यंत रेटली तर हेड गॅस्केट जाऊन हजारांच्या कामाचं पंधरा हजारांचं होतं. मग डिक्कीतून दोर निघाला. तो असणारच होता. लोंबणारा बंपर आहेरात मिळालेल्या दुपट्ट्याने बांधला गेला. लॉक वाकल्यामुळे बसत नसलेलं बॉनेट दुसऱ्या दुपट्ट्याने. "अजी, तो बाईच्या दिराने दिलेला हाय," मामी म्हणाली. "म्हणूनच मजबूत हाय," मामा म्हणाले. एक रिकामा पिकअप आम्हाला ओढत घेऊन गेला आणि वाटभर मामा त्याच्या ड्रायव्हरला ब्रेक कसा मारायचा ते खिडकीतून हाताने सांगत होते.

सकाळी सहाला मामा चुंगडी घेऊन पुन्हा त्या जागेवर हजर. सोबत मी, कारण माझ्याकडे स्कूटर होती. ग्रिलचे सात तुकडे, हेडलाइटचा एक कान, क्लिपा, आणि मुख्य म्हणजे नंबरप्लेट. ती पऱ्हाटीत सापडली तेव्हा मामांचा चेहरा नातू झाल्यासारखा झाला. ग्रिलला चिकटलेले राठ केस त्यांनी आगपेटीत घातले. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "असू दे." दोन गावकरी येऊन डुक्कर कुठे पडलं याची चौकशी करू लागले. त्यांच्या डोळ्यांत मसाला दिसत होता. मामांनी त्यांना वन्यजीव कायद्यावर दहा मिनिटं घेतलं.

विम्याचा विषय मी काढला. काढायला नको होता. लग्नपत्रिकेच्या मागे पेन चालू लागलं. "दहा वर्षांवरची गाडी. पत्र्याचे पार्ट बदलले तर निम्मेच पैसे भेटतात. प्लास्टिकचे पण निम्मेच. त्यावर हजार रुपये आपल्या खिशातून. आणि माझा पन्नास टक्के नो क्लेम बोनस जाते, तो कोण देते? तू?" हिशोब बरोबर होता. मामांचा हिशोब बरोबर असतो, हेच सहन होत नाही. फक्त पुढचे सहा दिवस गॅरेजात त्यांनी पाजलेले चहा त्यात धरलेले नसतात.

गॅरेज आर्णी रोडवरचं. एका जुन्या गाडीची काढलेली मागची सीट तिथे सोफा म्हणून ठेवली आहे. तिची डावी बाजू मामांची. उस्ताद डेंटिंग करतो, त्याचा भाचा पेंटिंग, आणि मामा देखरेख. पहिल्या दिवशी मामांनी चुंगडी उपडी केली. उस्तादने ढिगाकडे पाहिलं, मग मामांकडे. "काकाजी, ये तो कचरा है." "हौ, पण आपला कचरा हाय."

मग सौदा सुरू झाला. बंपर नवा घ्यायचा नाही, तापवून आणि तारेने शिवून घ्यायचा. हेडलाइटचे कान चिकटवायचे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो, त्यामुळे पहिला मार त्यानेच खाल्लेला, पण तो फुटला नव्हता. त्याच्या दबलेल्या पात्या मामांनी स्वतः सोफ्यावर बसून बारीक पेचकसाने सरळ केल्या, आजी नातीच्या केसांतला गुंता सोडवते तशा. रेडिएटरपुढे मात्र हार मानावी लागली. "पितळी असता तर डाग दिला असता. आता ॲल्युमिनियम अन् प्लास्टिक. यातलं काही जमत नाही," असं म्हणून त्यांनी नव्या रेडिएटरचे पैसे मोजले. तोंड तेराव्याला आल्यासारखं.

आणखी एक दुःख होतं. गाडीला पूर्वी पुढे जाड लोखंडी गार्ड होता. 2017 च्या डिसेंबरात केंद्राने असे गार्ड बंद करायला सांगितले तेव्हा मामांनी तो उतरवला. आता गच्चीवर त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. "गार्ड असता तर डुकराचीच डेंटिंग करावी लागली असती." उस्तादने मान हलवली. गार्डमुळे धक्का थेट चासीला जातो, बंपर मोडायलाच असतो, वगैरे. मामा दोन मिनिटं गप्प होते. त्यांच्या मानाने हे बरंच.

डुक्कर दरम्यान वाढत होतं. त्या रात्री "पिलूच असन" होतं. गॅरेजात साठ किलोचं झालं. रविवारी आमच्या घरी क्विंटलभर भरलं, आणि शेजारचे वकील आले तेव्हा सव्वा क्विंटलचा सुळेवाला नर होता, पुरावा म्हणून आगपेटी फिरत होती. सोबत व्याख्यान: "डुक्कर खालून मारते, रोही वरून. डुकराने बंपर जाते, रेडिएटर जाते. रोह्याचे पाय लंबे, तो सरळ काचेवर येते. अन् एक गेला म्हणून गाडी पळवू नको, मागे दुसरा असतेच."

या सगळ्या कथेत एक गोष्ट मामा कधीच सांगत नाहीत. मी पुढच्या सीटवर होतो, मी पाहिली. डुक्कर दिसलं तेव्हा डावीकडे पुलाचा कठडा होता आणि समोरून ट्रक येत होता. माझे हात आपोआप हवेत स्टिअरिंग वळवत होते. मामांनी स्टिअरिंग तसूभर हलवलं नाही, फक्त ब्रेक दाबला आणि सरळ जाऊन धडकले. मागे त्यांची बहीण आणि बायको बसल्या होत्या. मी एकदा हे बोललो तर म्हणाले, "ते जाऊ दे, तू क्लिपा पाह्यल्या काय? दोन कमी हायेत."

गाडी सातव्या दिवशी आली. बॉनेट आणि फेंडरमध्ये एका बाजूला बोट जातं, दुसऱ्या बाजूला नख जात नाही. पांढरा रंग दोन प्रकारचा आहे. डावा हेडलाइट रस्त्याऐवजी कडुनिंबाचे शेंडे दाखवत होता. त्याचं मामांनी "वरून रोही आला तर दिसते" असं समर्थन केलं आणि आठवड्याने गुपचूप सेट करून आणला.

गेल्या महिन्यात पुण्यात, सोसायटीच्या तळघरात, मी माझी गाडी खांबाला ठोकली. प्राणी वगैरे काही नव्हता. बायकोला सांगण्याआधी मामांना फोन लावला.

"कोणाले लागलं नाही न?"

"नाही."

"तुकडे उचलले काय?"

मी खाली पाहिलं. ग्रिलचा एक तुकडा आणि तीन क्लिपा आधीच माझ्या शर्टाच्या खिशात होत्या.