हॉर्न तेवढा वाजला पाहिजे

पिकअपवाला गाडीची हेळसांड करतो, हा त्याच्यावरचा नेहमीचा आरोप मला अर्धाच मान्य आहे. नारायणगावात टोमॅटोची क्रेट भरून, माळशेज उतरून वाशी गाठणारी जुनी बोलेरो पिकअप पाहिली की आरोप करणाऱ्याला पुरावा शोधावा लागत नाही, हे खरं. हँडब्रेकचं खातं चाकामागच्या दगडाकडे असतं. डिझेलचा काटा टाकीत काहीही असलं तरी अर्ध्यावर असतो. मागचा डावा दिवा गेल्या दिवाळीपासून सुट्टीवर असतो. यातलं काहीही दाखवलं की मालकाचं उत्तर ठरलेलं असतं, "चालतंय की!" पण याच गाडीचा हॉर्न बंद पडू द्या. क्रेट उतरायच्या आत बॉनेट वर गेलेलं असतं, मालकाचं डोकं आत असतं आणि वाशीतला भाव विचारायलासुद्धा त्याला फुरसत नसते. चिकाटी या माणसाकडे भरपूर आहे. त्याने ती सगळी एकाच जागी गुंतवली आहे.

ही चिकाटी ऐऱ्यागैऱ्याची नव्हे. आधी तो बटण हळू दाबतो, मग जोरात, मग अंगठा तसाच ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. डावीकडे वळताना हॉर्न ओरडला आणि सरळ धरल्यावर गप्प झाला, तर स्टिअरिंगखालची संपर्काची पट्टी झिजली आहे, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. तसं नसेल तर फ्यूज. फ्यूज शाबूत असेल तर रिले. बटण दाबल्यावर रिले 'टक्' करतो का, हे ऐकायला क्लीनर पोराला कान लावून बसवलं जातं आणि आजूबाजूच्या चार गाड्यांना इंजिनं बंद करायला लावली जातात. 'टक्' ऐकू आली, म्हणजे बटणापासून रिलेच्या कॉइलपर्यंतची वाट मोकळी आहे; गडबड रिलेच्या पॉइंटपासून पुढे. मग दोन वायरी जोडलेला बल्ब निघतो. त्याची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी हॉर्नच्या वायरीला. पोरगं बटण दाबतं, बल्ब पेटतो. करंट हॉर्नपर्यंत येतोय, हॉर्न मात्र मौनात. इथे गर्दीतला एक जाणकार "हॉर्नच गेलाय, नवा टाका" असा निकाल देतो. पिकअपवाला त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तो हॉर्नचा नट सोडवतो, बॉडीला टेकणाऱ्या पट्टीवरचा गंज पॉलिश पेपरने घासतो, नट पुन्हा आवळतो आणि अख्खं मार्केट दचकतं. जुन्या गाडीत करंट येतो नीट, परत जायची वाट गंजलेली असते. हे त्याला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाशिवाय कळलेलं असतं. त्यातूनही आवाज घोगरा आला, तर मागचा छोटा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. एखादा तंबोरा लावणारा याहून लवकर आटोपेल.

यावर कुणी म्हणेल, घाटात हॉर्न लागतोच. लागतो, धुक्यातल्या आंधळ्या वळणावर तो प्राण वाचवतो. पण त्याच धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला दिसावा म्हणून मागचा दिवाही लागतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. तोही टिकत नाही, कारण मागच्या दिव्याचा बल्ब हॉर्नपेक्षा किती तरी स्वस्त मिळतो, आणि तो दिवाही बहुतेक वेळा अर्थिंगच्या गंजानेच बंद असतो. तोच पॉलिश पेपर, तोच तपासणीचा बल्ब, काम पाच मिनिटांचं. तिसरा आक्षेप फिटनेसचा: आरटीओत हॉर्न बघतात. बघतात ना, पण दिवे आणि ब्रेकही बघतात. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी हे सोपस्कार असतात, आणि दिव्यांना नेमकं त्याच दिवसापुरतं बरं वाटतं.

मला यामागे एकच कारण दिसतं. मागचा दिवा मालकाला कधी दिसत नाही; हॉर्न त्याला स्वतःला ऐकू येतो. ओळखीच्या टपरीसमोरचा रामराम, वाट दिली म्हणून आभार, रस्त्यात रवंथ करणाऱ्या म्हशीशी वाटाघाटी, सिग्नल हिरवा होण्याआधीच पुढच्याला दिलेली ताकीद, सगळं त्या एका बटणावर चालतं. मुक्या हॉर्नची गाडी चालवणं म्हणजे दिवसभर तोंड बांधून बसणं, आणि ते त्याला झेपत नाही. म्हणूनच स्टिअरिंगचं बटण फारच रुसलं, तर डॅशबोर्डवर घराच्या बेलचं बटण बसतं आणि संवाद चालू राहतो. सरकारने २०१५ मध्ये मालगाड्यांच्या पाठीवरून 'हॉर्न ओके प्लीज' पुसायला लावलं. निमंत्रण गेलं, पाहुणे येतच राहिले. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्या वेळी १००० आणि पुढे २००० रुपये दंड आहे. पण आपण कधी विनाकारण वाजवतो, असं मानणारा पिकअपवाला अजून जन्मायचा आहे.

तेव्हा बॉनेटमध्ये वाकलेला पिकअपवाला दिसला, तर त्याला अडवू नका. फक्त हॉर्न वाजला आणि तो खूश झाला, की लगेच सांगा: दादा, बल्ब आणि पॉलिश पेपर हातात आहेच, तर जरा गाडीच्या मागे या.