सोवळ्यातली कॉफी

आमची मावसबहीण रॉटरडॅमला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा कॉफीचा कप हातात देण्याआधी तिनं पाकीट दाखवलं. त्यावर फेअरट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव दिल्याचा, शिक्का. "आम्ही शेतकऱ्याचं रक्त पीत नाही हो," ती म्हणाली. दुकानात त्या पाकिटाशेजारी बिनशिक्क्याची दहा पाकिटं होती, त्यांत काय होतं हे मी विचारलं नाही. पाहुण्यानं किती बोलावं यालाही मर्यादा असते.

हा शिक्का जन्मला तिच्याच देशात, १९८८ साली. माल होता मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा. तिथं दारात येऊन पडेल भावानं माल उचलणाऱ्या दलालाला 'कोयोट' म्हणतात, म्हणजे कोल्ह्याच्या जातकुळीतलं जनावर. आपण अडत्याला 'शेठ' म्हणतो. शिक्क्याला नाव दिलं 'मॅक्स हॅवेलार'. १८६० च्या डच कादंबरीतला हा सरकारी अधिकारी जावातल्या रयतेची बाजू घेतो आणि नोकरीला मुकतो. त्याच कादंबरीत ड्रोगस्टोपेल नावाचा ॲम्स्टरडॅमचा कॉफीदलालही आहे, देवभोळा आणि हिशेबाला पक्का. हॅवेलार पाकिटावर गेला, वखारीच्या किल्ल्या ड्रोगस्टोपेलकडेच राहिल्या.

खोटं कशाला बोला, शिक्क्यानं जीव वाचवलेत. २००१ मध्ये बाजारात कॉफी पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली घसरली, तेव्हा शिक्क्यावर विकलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीला १.२६ डॉलर मिळत होते. पण पुढं २०११ साली धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव १.४० डॉलर ठरला, तो २०२३ पर्यंत हलला नाही. बारा वर्षं! खतवाल्याला आणि मजुराला ही बातमी कुणी कळवली नसावी. २०२३ मध्ये तो १.८० झाला. वर पौंडामागे वीस सेंट संस्थेच्या कामांसाठी.

गंमत पुढंच आहे. आपला माल सोवळ्यातला आहे हे शेतकऱ्यांच्या संस्थेनंच सिद्ध करायचं, वह्या दाखवायच्या, तपासनिसाची फी भरायची. बिनशिक्क्याचा माल घेणाऱ्याला कोण विचारतो? त्याला वहीही नाही आणि फीही नाही. एवढं करून सगळा माल शिक्क्यावर जातो म्हणाल, तर तेही नाही. गिऱ्हाईक येईल तेवढीच पोती त्या भावानं जातात. उरलेली, त्याच झाडाची, त्याच अंगणात वाळवलेली, ओवळी होऊन साध्या बाजारात.

निघण्याच्या दिवशी सकाळी लवकर उठलो. बहीण ओट्याशी उभी होती. शिक्क्याचं पाकीट रिकामं झालं होतं आणि ती स्वस्तातल्या पाकिटातली कॉफी चमच्या-चमच्यानं त्यात भरत होती.

"रोजच्याला कुणाला परवडतं," ती म्हणाली. "दुपारी यांच्या ऑफिसातली माणसं यायचीत."