संशयवार्ता-मीमांसा : पनवेल परिसराच्या विशेष संदर्भात

गृहस्थाने स्वखर्चाने घरात आणलेल्या आणि तरीही कधी न उघडलेल्या ग्रंथांत राउटरच्या लॉगची गणना प्रथम करावी लागेल. नेट बंद पडल्याखेरीज त्याकडे कोणाची दृष्टी वळत नाही. वळते तेव्हा तेथे ‘डॉस अटॅक’ ही अक्षरे रांगेने उभी असतात. त्यांच्या दर्शनाने चित्तात जो क्षोभ उत्पन्न होतो, त्याच्या कारणांचा विचार येथे कर्तव्य आहे. क्षेत्रमर्यादा जुने पनवेल, नवीन पनवेल व खांदा कॉलनी ही होय. खारघर, कळंबोली व कामोठे यांचा समावेश महापालिकेने केलेला असल्यामुळे आम्हीही करतो.

व्याख्या : ज्या नोंदीत कर्ता अज्ञात, क्रिया अपूर्ण आणि कर्म स्वतःचे घर असते, ती संशयवार्ता. ‘नेट स्लो आहे’ ही संशयवार्ता नव्हे. तिचा अंतर्भाव लौकिक दुःखात होतो.

प्रकार १ : विलंबितोत्तर. लक्षणे दोन. नोंदीत ‘ॲक स्कॅन’ हे पद असते आणि प्रेषकाचा पोर्ट ४४३ असतो. मोबाइल दूरच्या सर्व्हरशी संधान बांधतो तेव्हा सिन, सिन-ॲक व ॲक असा त्रिविध संस्कार होतो आणि राउटर त्या संबंधाची ओळ आपल्या कोष्टकात मांडतो. पुढे गृहस्थ मालिका अर्धवट टाकून जेवायला उठतो, संबंध सुटतो, ओळ पुसली जाते. सर्व्हरकडून निघालेली काही पॅकेटे मात्र अद्याप वाटेतच असतात. ती दारी येतात आणि राउटर आपणच बोलावलेल्या पाहुण्यांची नोंद हल्लेखोर म्हणून करतो. नैयायिकांच्या मते ही अन्यथाख्याती : शिंपल्याच्या जागी चांदी दिसणे. प्राभाकर मीमांसकांच्या मते येथे विपरीत ज्ञान मुळी नाहीच; स्मृतिप्रमोषामुळे केवळ भेदाचे अग्रहण झाले आहे. आम्हाला प्राभाकरांचा पक्ष ग्राह्य वाटतो, कारण कोष्टकातली ओळ खरोखरच पुसलेली असते. उपचार : काही नाही.

प्रकार २ : सार्वत्रिक द्वारपरीक्षण. येथे बाहेरचा कोणी खरोखरच कडी वाजवतो. तो खास आपल्यासाठी आला, ही समजूत मात्र अहंकारमूलक होय. आयपी आवृत्ती ४ मध्ये एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संभवतात. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप ही प्रणाली मांडून दाखवले, की त्यांतील सर्व सार्वजनिक पत्त्यांचे एक पोर्ट एकाच संगणकावरून पाऊण तासाच्या आत तपासता येते. तेवढ्या वेळात पनवेलची लोकल सीएसएमटीलाही पोहोचत नाही. ज्यांच्या राउटरचा बाह्य पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असतो, ते कंपनीच्या सामायिक नॅटमागे वसतात आणि त्यांची कडी सहसा वाजतच नाही. हा सन्मान की उपेक्षा, याविषयी मतभेद आहेत.

प्रकार ३ : कालविपर्यस्त. वीज जाऊन आल्यावर बहुतेक घरगुती राउटरांना कालभान उरत नाही. नेटवरून वेळ मिळेपर्यंत ते १ जानेवारी १९७० या दिवशी वास करतात. अशा नोंदीनुसार हल्ला झाला तेव्हा पनवेल कुलाबा जिल्ह्यात होते. पुरावा अग्राह्य.

प्रकार ४ : अंतःसंभव. हा विरळ, म्हणूनच दुर्लक्षित. परंतु या संपूर्ण शास्त्राचे प्रयोजन हाच आहे. येथे संशयास्पद पॅकेट १९२.१६८ ने आरंभ होणाऱ्या, म्हणजे घरातल्याच पत्त्यावरून बाहेर जाते. कर्ता बहुधा कॅमेरा, सेट-टॉप बॉक्स किंवा स्वतः राउटर असतो. २०१६ च्या ऑक्टोबरात दोन घटना घडल्या : १ तारखेला पनवेल महापालिका अस्तित्वात आली आणि २१ तारखेला मिराई नावाच्या मालवेअरने अंकित केलेल्या असंख्य कॅमेऱ्यांनी व राउटरांनी डाइन या कंपनीच्या नामसेवेवर धाड घालून अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे दुर्गम केली. दोहोंत कार्यकारणसंबंध आढळत नाही. मिराईची विद्या साधी होती : टेलनेटचे पोर्ट २३ ठोठावायचे आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड एकामागून एक वापरून पाहायचे.

याच प्रकारात ‘अज्ञात उपकरण’ नावाचा आभास मोडतो. अँड्रॉइड १० व आयओएस १४ यांपासून मोबाइल वायफायला स्वतःचा खरा मॅक पत्ता न सांगता कल्पित पत्ता सांगू शकतात. त्या पत्त्यातील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कल्पित समजावा आणि पोलिसांकडे जाण्यापूर्वी घरातील सर्वांचे मोबाइल मोजावेत.

उपचाराविषयी तीन संप्रदाय प्रचलित आहेत. शेजारसंशयी संप्रदाय वरच्या मजल्याकडे बोट दाखवतो. त्याच्यापाशी प्रमाण नाही. उपेक्षावादी पहिल्या तीन प्रकारांत निर्विवाद विजयी होतात आणि चौथ्यात बुडतात. पुनःप्रारंभवादी स्विच बंद करून दहापर्यंत मोजतात व पुन्हा लावतात. विद्वान त्यांना हिणवतात, ते अन्यायाचे आहे. मिराई केवळ तात्पुरत्या स्मृतीत वसत असे, त्यामुळे स्विच बंद करताच ती खरोखर नष्ट होई. पासवर्ड तोच राहिल्यास काही मिनिटांत परत येई, हे या संप्रदायाने लक्षात घेतलेले नाही. म्हणून आमचा निर्णय असा : आधी पुनःप्रारंभ, लगेच पासवर्ड बदल, नंतर फर्मवेअर अद्ययावत करणे, आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय तसेच यूपीएनपी बंद. लॉग वाचणे ऐच्छिक.

पनवेल परिसरातील वाचकांस एक विनंती. पुष्कळ राउटरांचा लॉगही त्याच तात्पुरत्या स्मृतीत असतो आणि विजेबरोबर जातो. ज्यांना या शास्त्रास साहाय्य करायचे असेल, त्यांनी आपला लॉग पावसाळ्यापूर्वी उतरवून ठेवावा.