व्हाया आण्णा

सांगलीच्या विश्रामबागेत, माधवनगरला, मिरजेच्या ब्राह्मणपुरीत, कुठंही जा, गल्लीत एक तरी 'व्हाया आण्णा' निघतोच. वय साठीच्या पुढं, पेन्शन बरी, गुडघे बेताचे आणि खिशात चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेलं वेळापत्रक. तुम्ही "नागपूरला निघालोय" म्हणालात की बाकीचे विचारतात, "कुणाकडं?" आण्णा विचारतात, "कसं?"

हे पीक इथंच का येतं, त्याचं कारण मिरज जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांना तिथून रूळ फुटतात. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या या एका गावात नांदत. अशा गावाच्या शेजारी वाढलेल्या माणसाला सरळ रस्त्याचं वावडं असायचंच. साताऱ्यात ही जमात फारशी दिसत नाही. तिथं एक गाडी पुण्याकडं जाते आणि एक कऱ्हाडकडं. वाद घालायला मधे फाटा तर हवा!

तिकीट हातात आलं की आपण पैसे बघतो, तारीख बघतो आणि खिशात घालतो. आण्णा चष्मा कपाळावर चढवतात, तिकीट नाकापासून चार बोटांवर धरतात आणि एखाद्याची पत्रिका बघावी तसे दोन गावांच्या मधली बारीक अक्षरं शोधतात. "हे बघा, डीडी. म्हणजे दौंड. इथं केडब्ल्यूव्ही असतं तर कुर्डुवाडी. तुम्हाला वाटतं तुम्ही सोलापूरचं तिकीट काढलंय. चूक. तुम्ही सोलापूरला जाणाऱ्या एका वाटेचं तिकीट काढलंय!"

आणि पंचाईत ही, की आण्णांचं खरं असतं. सांगलीहून सोलापूरला मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी अशी जवळची वाट आहे. पुणे-दौंड असा वळसा घेतला तर अंतर जवळजवळ दुप्पट होतं. रेल्वे भाडं घेते ते किलोमीटरचं. जवळच्या वाटेचं तिकीट काढून लांबच्या वाटेनं गेलात, तर फरक भरावा लागतो. "पोचलो तर सोलापूरलाच ना?" हा आपला युक्तिवाद तपासनिसापुढं टिकत नाही, आणि आण्णांपुढं तर मुळीच नाही.

मागं शेजारच्या वहिनी सहज म्हणाल्या, "आण्णा, नागपूरला लग्न आहे. जाता जाता पुण्याला बहिणीकडं दोन दिवस उतरीन म्हणते. तिकीट एकच काढलं तर चालतंय ना?"

आण्णांनी चहाचा कप बशीत ठेवला. कप खाली ठेवला की अर्धा तास गेला, हे गल्लीला ठाऊक आहे.

"वहिनी, कुठल्या गाडीनं? महाराष्ट्र एक्सप्रेस सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ करत जाते. दुसरी मिरजेहून पंढरपूरकडं वळते आणि लातूर, परळी, परभणी करत नागपूर गाठते. ती सांगलीचं तोंडसुद्धा बघत नाही, ती धरायला मिरजेलाच जायला पाहिजे. तुमची बहीण पुण्यात, म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. बरोबर?"

"बरोबर."

"मग पुण्यात उतरता येत नाही."

"अहो, पण गाडी थांबते की!"

"गाडी थांबते, तिकीट थांबत नाही. पाचशे किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर मधे मुक्काम करता येतो. हजाराच्या वर असेल तर दोनदा. नागपूर हजाराच्या वर आहे, त्यामुळं दोन मुक्काम तुमच्या हक्काचे. एकेका मुक्कामाला दोन दिवस, उतरायचा आणि निघायचा दिवस सोडून. पण पहिला मुक्काम पाचशे किलोमीटर झाल्यावरच. पुण्यापर्यंत तेवढे होत नाहीत, दौंडलाही होत नाहीत." मग थोडा विचार करून, अगदी मनापासून, "मनमाडला कुणी आहे का तुमचं?"

वहिनींचं मनमाडला कुणी नव्हतं. आण्णांना त्याचं खरोखरच वाईट वाटलं. पुण्यापर्यंत एक आणि पुढं दुसरं तिकीट काढावं, तर अंतर वाढेल तसा किलोमीटरचा दर उतरतो, म्हणजे दोन तुकड्यांचे पैसे एका सलग तिकिटापेक्षा जास्त. शेवटी बहिणीलाच पुणे स्टेशनवर डबा घेऊन बोलवायचं ठरलं.

मध्यंतरी आण्णांचा पुतण्या विलायतेला गेला. तिथून त्यानं तिकिटाचा फोटो पाठवला. वाटेच्या जागी छापलं होतं, 'एनी परमिटेड', म्हणजे परवानगी असलेली कुठलीही वाट. आण्णांना आधी वाटलं, काय ही मोकळीक! मग कळलं, की कुठली वाट चालते आणि कुठली नाही हे ठरवायला तिकडं नकाशांसकट एक अख्खी नियमपुस्तिका आहे. त्या रात्री आण्णा झोपले नाहीत. सकाळी म्हणाले, "इंग्रज गेला तो गेला, पण चांगली पुस्तकं बरोबर घेऊन गेला."

या माणसाचा प्रवास किती असेल? मुलगी साताऱ्यात दिली आहे, तेवढाच. आणि तिकडं आण्णा जातात एसटीनं. सातारचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला, एसटी स्टँड गावात, हे सांगायचं कारण. खरं कारण वेगळं. सांगली ते सातारा भिलवडी, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड, कोरेगाव अशी एकच वाट आहे. जिथं वाट निवडायची नाही, तिथं आण्णांना प्रवासाला चवच लागत नाही.

तरीही चेष्टा इथं पुरे. लांबच्या गावाचं तिकीट काढताना खिडकीवर नुसतं गावाचं नाव सांगून थांबू नका, कुठून जायचं तेही सांगा. मधे मुक्काम करायचा असेल तर तिकीट काढतानाच बोला आणि उतरल्यावर स्टेशनवर तिकिटावर तशी नोंद करून घ्या. एवढं लक्षात राहणार नसेल तर गल्लीतल्या आण्णांना विचारा. सल्ला फुकट असतो, फक्त त्या दिवशीची गाडी धरायची घाई नको.