पेशकारांची फेरिस्त

प्रातःकाळी काशीस स्नान, मध्यान्ही कोल्हापुरास भिक्षा आणि रात्री शयनास माहूर, असा नित्याचा दौरा करणाऱ्या श्रीदत्तात्रेयांच्या सामानाची फेरिस्त कोणा शिरस्तेदाराने केलीच असती, तर काखेत झोळी एक व सहा हातांत एकेक नग, एवढ्यावरच त्याला सहीशिक्का करावा लागला असता. गाय आणि चार श्वान स्वतःच्या पायांनी चालत असल्यामुळे त्यांची गणना सामानात होत नाही. अशा देवाच्या शयनग्रामी राहणारे आमचे एक सेवानिवृत्त पेशकार यंदा एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपासून 5,364 मीटर उंचीपर्यंत, जाऊन येण्याचा संकल्प करते झाले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर जमाबंदीच्या दिवसांतली कचेरी भरू लागली.

सहल नेणाऱ्यांनी दोन पानांची यादी धाडली होती. परंतु दुसऱ्याच्या कागदात उणीव काढण्यात ज्याची उमेद खर्ची पडली, त्याला ती पुरी कशी वाटावी? पेशकारांनी अनुक्रमांक, नग, वजन व शेरा असे रकाने आखले आणि आप्तेष्टांकडून सूचना मागविल्या. प्रत्येक आप्ताला कसले ना कसले भय असतेच, आणि प्रत्येक भयापोटी एकेक नग दाखल झाला. मेहुण्यांना पोटाचे भय, म्हणून सुंठ आणि हिंग्वाष्टक. अमरनाथाच्या 3,888 मीटरांवर एकदा जाऊन आल्यामुळे बर्फविषयक सर्व बाबतींत ज्यांचा शब्द अखेरचा मानला जातो, त्या शेजाऱ्यांना श्वासाचे भय, म्हणून हुंगायला कापूर. “अहो, तिथं काय मिळतं न मिळतं,” एवढेच बोलून पेशकारीणबाईंनी चिवड्याचा डबा ठेवला आणि मंजुरीची वाट पाहिली नाही. डॉक्टरांनी विरळ हवेच्या त्रासावर गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी लघवीला वरचेवर जावे लागते. तेव्हा शून्याखालच्या मध्यरात्री वस्त्रांचे चार थर उलगडून माणसाने वेळेत मोकळे कसे व्हावे, हा मोहिमेतला खरा कूटप्रश्न होय, पण त्यास एकाही यादीत अनुक्रमांक नाही.

खरा कलह माजला तो सुती कापडावरून. घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही व अंगाची ऊब शोषून घेते, सबब सुती वस्त्र वर्ज्य, असे यादीत साफ लिहिले होते. जेथे कपाशीवर संसार चालतात, ज्या जिल्ह्यात उस्मानशाही गिरणीचा भोंगा वाजत असे आणि ज्या नांदेडच्या खादीचा राष्ट्रध्वज होतो, तेथील आजन्म खादीची बंडी वापरणाऱ्या गृहस्थाला हा फतवा राजद्रोहासमान वाटला. मग कोठेसे त्यांच्या वाचनात आले, की 1924 साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेला गिर्यारोहक मॅलरी रेशीम आणि लोकर यांचे थर ल्यालेला होता. पेशकार उठले आणि त्यांनी पेटीतून वडिलांचा रेशमी मुकटा व आजीची धाबळी काढली. आता सोवळ्याला चालणारी वस्त्रे हिमालयालाही चालावीत, यात काही तथ्य आहेच. पण मुकटा नेसून हिमनदीच्या कडेने चालण्याचा परिपाठ शेर्पांमध्ये असल्याचे ऐकिवात नाही.

नवे बूट पायाला सरावावेत म्हणून पेशकार पाठीवर भरली सॅक आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन दत्तशिखराची वाट चढू लागले. चैत्रातल्या उन्हात डोईवर मोहफुलांची टोपली घेऊन अनवाणी उतरणाऱ्या एका म्हातारीने त्यांना थांबवून विचारले, “कायले बापा एवढं ओझं? डोंगरावर बिऱ्हाड हलवता का?” श्रावणी पौर्णिमेच्या परिक्रमेत खताच्या पोत्याची खोळ पांघरून रात्रभर चिखल तुडवणारी माणसे जिने पाहिली, तिचा प्रश्न रास्तच होता. तथापि अनवाण्या पायांचे कौतुक माहूरच्या डोंगरापुरतेच ठीक. दर हजार मीटरांस सुमारे साडेसहा अंशांनी उतरणारे तापमान कोणाचा भक्तिभाव विचारात घेत नाही.

शेवटी किराणा दुकानाच्या काट्यावर सॅक चढविली, तो 26 किलो भरली. जेथून पायी चढाई सुरू होते, त्या लुकल्याच्या चिमुकल्या विमानात हातपिशवीसुद्धा 15 किलोंचीच मुभा असते. आणि पुढे पायवाटेवर दोघा प्रवाशांच्या थैल्या एकत्र बांधून, कपाळावरच्या नाम्लोच्या पट्ट्यावर तोलून, एकच भरिया त्या वाहून नेतो. ज्याच्या कपाळावर हा चिवडा चढणार, त्याच्या अंगावर जाकीट आणि पायांत धड बूट असतील काय, यासाठी फेरिस्तीत रकाना नव्हता. तसे सुचविताच पेशकारांनी चष्मा सावरला आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘संबंधित खात्याकडे’.

मग काटछाट सुरू झाली. सुंठीमागे मेहुण्यांची, कापरामागे शेजाऱ्यांची, डब्यामागे तर प्रत्यक्ष गृहखात्याची शिफारस. बिनशिफारशीचे असे एक पिसांचे जाकीटच निघाले, आणि सॅकेतून ते बाद झाले. मात्र विमानतळावर सॅक तोलतात, माणूस तोलत नाहीत, ही पळवाट पेशकारांनी बरोबर हेरली: जे जे भारी, ते ते अंगावर घालावे. काठमांडूला पोहोचेपर्यंत तरी थांबा, थामेल पेठेत जाकीट भाड्यानेही मिळते, असे परोपरीने विनविले. परंतु अंमलबजावणी मुख्यालयापासूनच व्हावी, असा त्यांचा बाणा.

त्याप्रमाणे वैशाखातल्या भर दुपारी, पारा चाळिशीपार गेला असता, लोकरीची कानटोपी, आत दोन थर, त्यावर पिसांचे जाकीट आणि पायांत गुडघ्यापर्यंत बर्फरोधक पट्टे अशा थाटात पेशकार माहूरच्या स्थानकावर नांदेडच्या बसमध्ये चढले. कंडक्टरने सॅकेचे सामान-तिकीट फाडले, मग त्यांच्या निथळत्या चेहऱ्याकडे पाहून तो कळवळ्याने म्हणाला, “काका, थंडी वाजून ताप आला का? पुढची सीट देतो, पण नांदेडला उतरल्या उतरल्या आधी दवाखान्यात जा.”